एका झाडावर दोन बहार

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा जुलै होता. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी, इकडे पावसाची झड. घरामागच्या संत्र्याला लिंबाएवढी हिरवी फळं लागली होती. धाकट्या, तू कुणाचं लक्ष नसताना त्यातलं एक तोडलंस आणि सालासकट चावलंस. मग जे तोंड केलंस ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. थोरले, तू त्याला हसलीस आणि मला विचारलंस, "आजी, ही पिकतात कधी?"

"डिसेंबरात."

"मग आम्ही डिसेंबरात का येत नाही?"

तुमचा बाबा बॅगेची चेन ओढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बघू."

तुम्ही गेल्यावर घर आवरायला मला वेळ लागला नाही. तसं ते आवरलेलंच असतं. पण तो प्रश्न काही आवरून ठेवता येईना. संत्र्याच्या मुलखात आजी राहते, आजोबांच्या भावाची मोहगावकडे संत्र्याची बाग आहे, आणि तुम्ही दोघांनी पिकलं संत्रं झाडावरून आपल्या हाताने कधी तोडलेलं नाही. तिकडच्या दुकानात जाळीच्या पिशवीत मिळतात ती तुम्हाला माहीत आहेत. मला एवढंच हवं होतं की एकदा, मी चालतीफिरती असताना, तुम्ही या झाडाखाली उभं राहावं आणि वर हात न्यावा. बाग करायची ठरवली ती यासाठी. बाकी लोकांना मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

गुडघ्याचं कारण खोटं नव्हतं. आजोबा होते तोवर मागचं आवार त्यांच्याकडे होतं. हे झाड त्यांनीच भावाकडून कलम आणून लावलेलं. ते गेल्यावर मागे कुणी फिरकेना. गाजर गवत माजलं, जुने पत्रे आणि बांधकामाचे उरलेले दगड तिथेच पडून राहिले, आणि पावसाळ्यात तर मला मागच्या पायरीखाली उतरायचीही भीती वाटे. झाड आपलं आपण जमेल तसं फळत होतं.

मी जन्मभर सौसरच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. निबंध लिहायला घेण्याआधी मुद्दे काढा, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. तेव्हा बागेचंही आधी कागदावर हवं होतं. कुदळ मारण्याआधी कुठे काय येणार ते मला दिसायला पाहिजे. आजोबा असते तर म्हणाले असते, जमिनीला कुठलं टाइमटेबल लावतेस. पण ते नव्हते, आणि मला टाइमटेबलाशिवाय काही सुचत नाही.

दिवाळीनंतर मी मदत शोधायला लागले. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर एक रोपवाटिका आहे, तिथला माणूस आधी येऊन गेला. त्याने आवाराकडे पाहिलंच नाही. खिशातून मोबाइल काढला आणि मला फोटो दाखवायला लागला. कारंजं, पांढरे दगड, रांगेने उभे पाम, मधोमध सिमेंटची हरणं.

"मॅडम, असं करून देतो. एकदम नागपूरसारखं."

"हे कुणाचं घर आहे?"

"घर नाही जी, मंगल कार्यालय आहे."

मी त्याला चहा दिला आणि रोपं लागतील तेव्हा कळवते म्हटलं. माझ्या जुन्या सहकारी बाईंनी मग नागपूरच्या एका मुलीचा नंबर दिला. ती घरांच्या बागांची आखणी करते. मुलगी म्हणते आहे, पण तिशीची तरी असेल. ती स्वतः गाडी चालवत आली, बूट दारात काढून अनवाणी मागे गेली आणि बराच वेळ नुसती फिरली. मोजपट्टी तिने नंतर काढली. तो तिचा पहिला गुण मला आवडला.

मग आम्ही मागच्या पायरीवर बसलो आणि तिने प्रश्न विचारले. सकाळचं ऊन कुठवर येतं? मोरीचं पाणी कुठे जातं? पायऱ्या उतरताना तुम्ही कशाला धरता? मी पटापट उत्तरं देत होते. मला वाटलं होतं ती मला विचारेल की कुठली फुलं आवडतात. ते तिने विचारलंच नाही.

"आजी, ही बाग वापरणार कोण?"

"माझी नातवंडं."

"अरे वा. इथेच असतात?"

"परदेशात."

"मग येतात कधी?"

मी पायरीच्या फटीतलं गवत उपटायला लागले. शेवटी मी म्हटलं, "डिसेंबरात येतील बहुतेक." ती लिहायची थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा प्रश्न विचारला. बसायला बाक करायचा तर त्यावरून तुम्हाला काय दिसायला हवं? मी म्हटलं, झाड. पण पुढच्या आठवड्यात तिने आराखडा पाठवला त्यात बाक जरा तिरका होता. तिथून झाडही दिसे आणि घराच्या बाजूने फाटकही. मी काही बोलले नव्हते. बोलताना मी कुठे पाहत होते ते तिने टिपलं असावं.

आराखडा सुंदर होता. पायरीला कठडा, घसरणार नाही अशा फरशीची वाट, स्वयंपाकघराजवळ कढीपत्ता आणि गवती चहा, मोरीच्या पाण्यावर केळी, आणि मधोमध, संत्र्याच्या झाडाखाली सगळीकडे, हिरवळ. तुम्ही लोळाल, अनवाणी पळाल, असं तिने मनात धरलं होतं. मीही धरलं. तो कागद मी जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवला, आणि जेवताना मला रोज त्या हिरवळीवर दोन मुलं पळताना दिसत.

शनिवारी भाऊजी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जातात आणि परतताना माझ्याकडे चहाला थांबतात. भाऊजी म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, मोहगावचे. संत्र्याशिवाय त्यांना दुसरा विषय नाही. त्यांनी काचेखालचा कागद पाहिला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"वैनी, ह्या झाडाखाली लॉन कोन लावून राह्यलं?"

"मी."

"मंग झाडाले तान कसा देसान?"

मी चहाचा कप खाली ठेवला. प्रश्न ऐकल्याबरोबर मला सगळं आठवलं होतं. इतकी वर्षं ज्या घरात दर हिवाळ्यात हेच बोलणं ऐकलं, तिथे मी कागदाच्या नादात ते विसरून गेले होते.

तुमच्यासाठी सांगते. संत्र्याचं झाड आपोआप नीट फुलत नाही. त्याला आधी तहानेलं ठेवावं लागतं. काही आठवडे पाणी तोडायचं, पानं थोडी मलूल होऊ द्यायची. याला ताण देणं म्हणतात. मग एक दिवस खत घालून भरपूर पाणी द्यायचं. जगतो की मरतो या भीतीत असलेलं झाड एकदम फुलांनी भरून जातं. हा ताण डिसेंबरात दिला आणि जानेवारीत पाणी सोडलं की आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराला फुलं येतात, म्हणून तो आंबिया बहार. त्याची फळं पुढच्या डिसेंबरात पिकतात. ताण मे महिन्यात दिला तर मृगाच्या पावसावर फुलं, तो मृग बहार. त्याची फळं फेब्रुवारीच्या शेवटाकडे. दोन्हींपैकी एक धरायचा. म्हणजे झाडाशी बोलणी करायची ती जवळजवळ एक वर्ष आधी, आणि झाडाला तारीख सांगावी लागते.

आणि झाडाखाली हिरवळ असली की तिला रोज पाणी. मग झाडाला ताण कुठून बसणार?

मी नागपूरला फोन केला. मला वाटलं ती नाराज होईल. ती म्हणाली, "आजी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, फार छान आहे हे," आणि तिने हिरवळ उचलून पश्चिमेच्या भिंतीकडे नेली. झाड आणि हिरवळ यांच्यामध्ये तिने जमिनीत खोल विटांची भिंत घातली, वर दिसणारी नाही, तिकडचं पाणी इकडे मुळांत येऊ नये म्हणून. झाडाभोवती नुसतं मोठं गोल आळं, उघडी काळी माती. "इथे मुलांना चिखल मिळेल," ती म्हणाली. "लॉनपेक्षा मुलांना तेच आवडतं."

आता तारीख हवी होती. रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला तेव्हा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुढच्या डिसेंबरात जमेल का रे?"

"पुढच्या? आई, अजून हा डिसेंबर चाललाय."

"नाही, बागेचं ठरवायचं होतं."

"बागेचं काय ठरवायचं? बघ ना, डिसेंबर किंवा फेब्रुवारी. फेब्रुवारीत पण यांना आठवडाभर सुट्टी असते. बघतो."

मी पुढे रेटलं नाही. मी त्याला कधीच रेटलं नाही. तो शिकायला गेला तेव्हाही, नोकरी तिकडेच घेतली तेव्हाही मी म्हटलं, तुला सोयीचं असेल ते कर. आजोबा माझ्याकडे बघत राहत. माझ्या पिढीतल्या शिकलेल्या बायका अशाच. आम्हाला वाटे, मागणी करणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे.

मी डिसेंबर धरला. झाडाचं पाणी तोडलं. ते दिवस मला बरे गेले नाहीत, हे खरं सांगते. इकडे गवंडी विटा रचताहेत, वाटेवर पाणी मारताहेत, हिरवळीचे तुकडे नागपूरहून आले, त्यांच्यावर फवारा चालू, आणि मधोमध ते झाड कोरडं उभं. पानं वळायला लागली. मला मागच्या दारातून बघवेना. एकदा तर मी हातात बादली घेऊन निघाले होते. भाऊजींनी फाटकातूनच हाक मारली.

"वैनी! बालटी ठेवा खाली!"

"अहो, वाळून जाईल ते."

"काही वाळत नाही. तुमाले वाट पाह्याची सवय नाही काय? झाडालेही आहे. ठेवा म्हनलं ना!"

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आळं हलकं खणून, शेणखत घालून आम्ही पाणी सोडलं. माती पाणी पिताना जो आवाज करते तो मी खुर्चीवर बसून ऐकला. आणि फेब्रुवारीत झाड फुललं. वास इतका की शेजारच्या बाई भिंतीवरून विचारायला आल्या की काय लावलंय. मी बाकावर बसले होते. बाग तेव्हा नवी होती, फरशीवर सिमेंटचे डाग होते, कढीपत्ता वीतभर होता. सगळं कागदावर होतं तसंच उतरलं होतं. फक्त पळणारी मुलं नव्हती. तुम्हाला मी फुलांचा फोटो पाठवला. थोरले, तू एक हृदय पाठवलंस.

मेमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं. दर उन्हाळ्यात जातं, पण या वेळी मोटर नुसती हवा ओढायला लागली. नळाचं पाणी एक दिवसाआड. आधी माणसाचं, मग कपड्यांचं, उरलं तर झाडांचं. पश्चिमेकडची हिरवळ सगळी पिवळी पडली, तिचं मी मनावर घेतलं नाही. संत्र्याला मात्र भांडी विसळलेलं पाणी घालत राहिले. ते पुरणार कसं? भर उन्हात पुष्कळ फळं गळाली. जी राहिली ती मी रोज सकाळी पाहून येई. तीच डिसेंबरची होती.

पावसाळा लागून झाड परत तरारलं, आणि जुलैत एका सकाळी मला पुन्हा तो वास आला. मला वाटलं भास. जाऊन बघते तर झाडाच्या दक्षिणेच्या अंगाला, हिरव्या फळांच्या शेजारीच, पांढरी फुलं. मी न देता, बोअरने त्याला मेमध्ये दुसरा ताण दिला होता. झाडाने मृग बहारही धरला.

मला इतका आनंद झाला की मी दहीभाताचा डबा घेऊन बाकावरच जेवले. डिसेंबरात आलात तरी फळं, फेब्रुवारीत आलात तरी फळं. तुमच्या बाबाच्या "बघतो" ला आता माझ्याकडे दोन्ही उत्तरं होती.

त्याच रविवारी फोन आला. "आई, डिसेंबर नाही गं जमत. ऑफिसात कुणी सुट्टीच देत नाहीये. फेब्रुवारीचं बघतो, शेवटचा आठवडा."

"बरं," मी म्हटलं. आणि या वेळी मला खरोखरच बरं वाटलं.

शनिवारी भाऊजी आले. मी त्यांना मोठ्या कौतुकाने मागे नेलं. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, एक फांदी वाकवली, सोडली. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"फुलं झोडून टाका."

"काय?"

"वैनी, एका झाडावर दोन बहार ठेवत नाही. हे झाड जवान नाही आता. दोन्ही पोसाले गेलं तं बसून जाईन. मंग ना डिसेंबर ना फेब्रुवारी. पुढच्या साली सरपनच."

"एखाद्या वर्षी चालत नाही?"

"चालते ना. झाड गेलं तं चालते काय?"

हे नियम मला माहीत होते. मी ते ऐकतच या घरात म्हातारी झाले. तरी मी त्यांच्याशी वाद घालत राहिले, जणू वाद घालून झाडाचं वय कमी होणार होतं. शेवटी मी विचारलं, "आणि फुलं ठेवून फळं काढली तर?"

भाऊजींनी चष्मा कपाळावर नेला. "कोन्ती फळं? हे? आंबियाची?"

"हो."

"वैनी, तब्येत बरी हाय ना? हे फळ लिंबाहून मोठं झालं. उन्हाळा काढला यानं. हे पक्कं आहे. ते फूल आहे, फूल! त्याच्यातलं अर्धं पावसात झडते. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागून राह्यल्या तुमी. तुमी मास्तरीन ना?"

"मुलं फेब्रुवारीत येणार आहेत."

"कोन म्हनते?"

"त्यांचा बाबा."

"तो काय म्हनला, येतो म्हनला का बघतो म्हनला?"

मी एक फांदी उगाच नीट केली. भाऊजींना काय ते कळलं. तुमचा बाबा लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्यांच्या बागेत काढायचा, त्याचं "बघतो" त्यांनाही ओळखीचं आहे. ते चहा न घेता फाटकाकडे गेले, आणि परत आले.

"स्टूल आना. वरचे तुमच्याच्यानं निघत नाही."

आम्ही दोघांनी मिळून डिसेंबरची सगळी फळं काढली. खालची मी. कच्चं फळ सहज सुटत नाही, पिळावं लागतं, आणि प्रत्येक वेळी पानं थरथरतात. आजोबांनी हे पाहिलं असतं तर ते मला ओरडले असते की गप्प राहिले असते, हे मला सांगता येत नाही. मेच्या उन्हात मी ज्यांच्यासाठी भांड्यांचं पाणी वाचवलं तीच ही फळं. प्लॅस्टिकची बादली भरली. हाताला हिरव्या सालीचा कडवट वास बसला तो दोन अंघोळींनी गेला नाही. भाऊजी वरून बोलत होते, पण मला नाही, झाडाला. "माफ कर बापा. वैनीचं काम हाय. मी नाही म्हनलं होतं."

खाली उतरून त्यांनी त्या बादलीचा फोटो काढला. मला वाटलं, लोणच्याचं प्रमाण विचारायला घरी जाऊबाईंना पाठवत असतील. त्यांनी तो तुमच्या बाबाला पाठवला. खाली काय लिहिलं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या बाबाचा फोन रविवारी येतो. या वेळी तो मंगळवारी आला, मी पोळ्या करत असताना.

"आई, ही आपल्या झाडाची आहेत?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"काहून केलं असं?"

एरवी तो तिकडे गेल्यापासून माझ्याशी पुस्तकी बोलतो, जसं मी त्याला शिकवलं तसं. 'काहून', म्हणजे इकडचं 'का', मी त्याच्या तोंडून किती तरी वर्षांनी ऐकलं. मी लाटणं खाली ठेवलं.

"तू फेब्रुवारी म्हणालास. झाडाला दोन्ही पेलत नाही."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी बघतो म्हणालो होतो, आई."

"मला माहीत आहे."

"तिकिटं काढली नाहीत अजून."

"तेही माहीत आहे." आणि मग, तव्यावरची पोळी करपत असताना, मी त्याला ते म्हटलं जे मी कधी म्हटलं नव्हतं. "ये फेब्रुवारीत. मुलांना घेऊन ये. मला हवं आहे."

काही दिवसांनी तिकिटं आली. चौघांची नावं आहेत, तारीख आहे. आठवडा म्हणतात खरा, पण जाण्यायेण्यातच त्याचे दोन टोकांचे दिवस खर्च होतात, आणि मधे नागपूरला तुमच्या आईच्या माहेरी जायचंच आहे. माझ्या वाट्याला किती उरतं हे मी मोजलेलं नाही. तिकिटं काढूनही येणं राहिलं असं याआधी एकदा झालं आहे, तेव्हा मी पाहुण्यांची खोली अजून उघडलेली नाही. झाडाकडे मात्र रोज जाते.

भाऊजी म्हणाले तसंच झालं. फुलांतली निम्मी पावसात गेली, काही फळं माशीने गेली. आता थंडी सुरू झाली आहे आणि जी राहिली ती दक्षिणेच्या बाजूलाच आहेत, थोडीच, जरा उंचावर. अजून हिरवी आहेत, पण देठाजवळ फिकी पडायला लागली आहेत. परवा भाऊजी येऊन बघून गेले.

"इतकेच? वैनी, मी असं करतो. पोट्टे यायच्या आधी माझ्या बगिच्यातले एक कॅरेटभर संत्रे आनतो. दोऱ्यानं बांधून देतो फांद्यांले. भरलेलं दिसन झाड. त्यायले काय समजते?"

मी हसले, आणि क्षणभर मला ते पटलंही. भरलेलं झाड तुम्हाला दाखवायला मला किती आवडलं असतं. मग मी नाही म्हटलं.

त्यामुळे तुम्हाला थोडीच मिळतील. धाकट्या, तुला स्टूल लागेल, आणि मी ते धरीन. संत्रं ओढायचं नाही, ओढलं की डोक्याची साल फाटते. देठ धरून, एक पान राहू देऊन, कात्रीने कापायचं. थोरले, पहिलं तू काप, कारण तू विचारलं होतंस. गोड निघेल की आंबट, हे मला आज सांगता येत नाही.